पाहुण्यांसमोरच गार होणारा एसी

आमचा एसी बदलायचा की हा उन्हाळा त्याच्यावरच काढायचा, हा निर्णय घरच्यांनी माझ्यावर सोपवला, कारण फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली घरात मी एकटी. एरवी माझ्या पदवीची आठवण फ्यूज उडाला की होते. फ्यूज मला बसवता येत नाही, हे अम्माने अजून मनाला लावून घेतलं आहे. "एवढी वर्षं शिकवलं," असं म्हणून ती वाक्य तिथेच सोडून देते आणि मेणबत्ती शोधायला लागते.

निर्णयाला मुदत होती. माझ्या बहिणीचं, पोन्नी अक्काचं, वळैकाप्पू, म्हणजे बांगड्या भरायचं डोहाळजेवण, कोइमतूरला तिच्या सासरी ठरलं होतं. हातभर काचेच्या बांगड्या भरल्या की पहिलटकरीण माहेरी येते आणि बाळ घेऊनच परत जाते. आणि पोटुशी बाई घरात असताना भिंतीला खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, हे तिरुचीत शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. नवा एसी म्हणजे ड्रिल मशीन आलं. तेव्हा बदलायचा तर अक्का यायच्या आत, नाहीतर बाळ झाल्यावर. मधल्या दिवसांत कत्तिरीचं, म्हणजे मे महिन्यातलं सगळ्यात कडक, ऊन पडणार होतं. त्या उन्हात आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा एटीएमच्या दाराला नाक लावून झोपतात. ते दिवस भिंतीवर जो असेल त्याच्या भरवशावर काढायचे होते.

भिंतीवर जो होता तो वयस्कर होता. त्याची एक पाती कायमची मिटलेली होती, आणि चालू होताना तो म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा आवाज करायचा. पण अप्पांचं त्याच्यावर प्रेम. अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत.

"चालतं यंत्र काढून टाकायचं नसतं," ते म्हणाले.

"अप्पा, वय झालंय त्याचं."

"माझंही वय झालं म्हणूनच काढलं. मी काय चालत नव्हतो?"

यानंतर चर्चा एसीची राहिली नाही.

मी शास्त्रीय मार्ग धरला. मी ज्या कॉलेजात प्रात्यक्षिकं घेते तिथून दोन थर्मामीटर आणले. एक जिथून हवा आत जाते तिथे बांधला, दुसरा जिथून बाहेर येते तिथे, आणि स्टुलावर उभी राहून आकडे पाहत राहिले. फरक चांगला होता. पुस्तकात द्यावा इतका. मी घरच्यांना बोलावून जाहीर केलं, "हा उन्हाळा निघेल. बदलायची गरज नाही." अप्पांनी माझ्याकडे प्रथमच सहकाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

अम्मा पिठाच्या हातांनी दारात उभी होती. तिने विचारलं, हे सगळं कसं कळतं. मला शिकवायची हौस. मी म्हणाले, "अम्मा, लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. तसं काही नसतं. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि मागच्या बाल्कनीतल्या मशीनमधून बाहेर फेकतो."

"फेकतो?"

"हो."

"दिवसभर?"

"चालू असेल तेवढा वेळ."

अम्माने हातावरच्या पिठाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एवढी चांगली ऊब." आणि आत गेली. विज्ञानाचं कौतुक वाटून ती हळहळली, असा मी अर्थ घेतला.

अक्का आली ती पाय सुजवूनच. रक्तदाब जरा वर होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला उन्हाळ्याचा त्रास होता कामा नये, दुपारी गार खोलीत पडून राहू दे. पोचल्याचा फोन केला तर पलीकडून अक्काची सासू, वडिवांबाळ अत्तै, अम्माशी बोलल्या. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांच्या घरी सगळं घड्याळावर चालतं, शिंकसुद्धा.

"विहीणबाई, आमच्याकडे चारही खोल्यांत एसी आहेत," त्या म्हणाल्या. कोइमतूरला पंख्यावर भागतं, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य. पण तुमच्याकडच्या उन्हाने तिला काही झालं, तर मी सरळ गाडी घेऊन येईन. मग बाळंतपण इथे."

अम्माने फोन ठेवला आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर अक्काच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येत होता. किणकिण, किणकिण, एकसारखी. आत पाहिलं तर अक्का वर्तमानपत्राने वारा घेत होती. एसी चालू होता, दिवा हिरवा होता, पण आतून येणारी हवा कोणीतरी कानाशी येऊन बोलावं तशी कोमट. मध्येच तो धापा टाकून बंद पडायचा, थोडं थांबून पुन्हा उठायचा.

त्या दिवसापासून मला थर्मामीटर लागला नाही. बांगड्या वाजल्या की खोली गरम. घरात कुठेही असले तरी माझा एक कान तिकडे. वर्गात एखाद्या मुलीच्या बांगड्या वाजल्या तरी मी हातातलं काम सोडून दाराकडे निघायचे. कारण 'निघेल' हा शब्द माझा होता. आणि आता खिळा बंद.

खालच्या मजल्यावरच्या आंडाळ मामी सल्ला द्यायला न बोलावता येतात, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्याकडे एसी आहे. त्याला त्यांनी स्वतः विणलेलं आवरण घातलंय, आणि सिंगापूरचा मुलगा आला की ते काढतात. "म्हणून टिकलाय," त्या म्हणतात.

"फिल्टर धुतलास का, कयल?"

"धुतला, मामी."

"पुन्हा धू. पहिल्यांदा धुतलेलं खरं नसतं. आणि मशीनला लिंबू बांध. कोणीतरी बोललंय त्याच्याबद्दल."

बोलले होते ती मीच.

पुन्हा फिल्टर धुतला. लिंबूही बांधलं. वैज्ञानिक माणसाने सगळ्या शक्यता तपासायच्या असतात. लिंबू वाळलं, खोली गार झाली नाही. मग आरोकियम मेकॅनिकला बोलावलं.

तो मागच्या बाल्कनीकडे निघाला तशी अम्मा आडवी आली. "थांबा जरा, मागे पसारा आहे, आवरते." ती आत गेली, स्वयंपाकघराचं दार लावलं, भांड्यांचे, कपड्यांचे आवाज आले, आणि बऱ्याच वेळाने पदराला हात पुसत आली. "या." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अम्मा पोस्टमनसाठीही घर आवरते. शिवाय तिची वडामची धामधूम चालू होती. तांदळाचं पीठ शिजवून, कुरडईसारखे घालून वाळवायचे, वर्षभर तळायचे. अक्काला डोहाळा वडामचाच लागला होता. गच्चीवर माकडं येतात म्हणून सगळं काम मागच्या बाल्कनीत, आणि तिथे जायची आम्हाला बंदी. वडाम ओले असताना कोणाची सावली पडली की तळताना लाल पडतात, असा अम्माचा ठाम समज. अक्काच्या खोलीची खिडकी त्याच बाल्कनीत उघडते, पण गारवा जाऊ नये म्हणून तिच्यावर जाड पडदा कायमचा ओढलेला.

आरोकियमने नळ्या जोडल्या, मान हलवली, म्हणाला, "गॅस कमी आहे." भरला. खोली बर्फासारखी झाली. अक्काने चादर मागितली. मी त्याला कॉफी दिली आणि वर चकलीसारखे दोन मुरुक्कू. "जुनं मशीन आहे, भरवसा नाही," असं तो जाता जाता म्हणाला. सगळे मेकॅनिक असं म्हणून जातात, म्हणजे पुन्हा बोलावलं तर त्यांचं भविष्य खरं ठरतं.

दुसऱ्या दुपारी बांगड्या वाजल्या.

त्याला पुन्हा बोलावलं. अम्मा म्हणाली, "थांबा, आवरते." तो आला, पाहिलं, यंत्र गुणी बाळासारखं चालत होतं. "काही झालेलं नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी विनाकारण माणसांना बोलावते. तो जिना उतरला, आणि अम्मा तिच्या कामाला लागली. तासाभरात खोली कोमट.

मामी बघायला आल्या, तर गार. "मला तर थंडी वाजतेय," पदर ओढत त्या म्हणाल्या. समोरच्या घरातले आले, तर गार. अप्पांना यात काही नवल वाटलं नाही. "वर्कशॉपमध्ये असंच असतं," ते म्हणाले. "साहेब तपासणीला आले की बिघडलेलं इंजिनसुद्धा शिट्टी मारतं."

मी मात्र झोप घालवून बसले. पाहुणा असताना गार, पाहुणा नसताना गरम. निरीक्षण करणाऱ्यामुळे निरीक्षण बदलतं, हे मी शिकले होते, पण ते फार बारीक कणांच्या बाबतीत. दीड टनाच्या एसीला ते लागू होतं हे कोणी शिकवलं नव्हतं. खात्री करायला मी मामींना विनंती केली की तुम्ही दुपारभर अक्काजवळ बसा. त्या बसल्या, आणि दुपारभर खोली गार राहिली. म्हणजे उपाय सापडला होता. फक्त तो दर अर्ध्या तासाने कॉफी मागायचा आणि अक्काला तिच्या ओळखीतल्या सगळ्या अवघड बाळंतपणांच्या गोष्टी सांगायचा. संध्याकाळी अक्काचा रक्तदाब मोजला तर जास्त निघाला. उपाय थांबवावा लागला.

मग अप्पांनी हार मानली. ते सोपं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून ते म्हणाले, "चल, कयल. नवा बघू." जणू स्थळ बघायला निघालो होतो.

जाण्याआधी मामींकडून धर्मशास्त्र समजून घेतलं. जुन्याच भोकांत नवे स्क्रू पिळले तर चालेल का? मामींनी डोळे मिटून विचार केला. "पिळणं चालेल. ठोकणं नाही." मी टेप घेऊन, एसी भिंतीवर ज्या लोखंडी पट्टीला टांगलाय तिची भोकं मोजली. दुकानात गेल्यावर कळलं की नव्या पट्ट्यांची भोकं कुठल्याच जुन्या पट्टीशी जुळत नाहीत. कंपन्या मामींना विचारत नाहीत.

"आत्ता नुसता बुक करून ठेवू," अप्पा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. "बाळ झाल्याबरोबर बसवा."

"सर, बसवायची तारीख टाकावी लागते."

"तेच सांगतोय. बाळ होईल त्या दिवशी."

"सर, कॉम्प्युटरमध्ये असा पर्याय नाही."

"मग पर्याय घाला."

शेवटी तिने आपल्या मनाने एक तारीख टाकली, आणि तेव्हापासून रोज फोन करून विचारायला लागली की माणसं कधी पाठवू. बुकिंगवर एक भेटवस्तू होती. भिंतीवरचं घड्याळ. ते घरी आणल्यावर आमच्या लक्षात आलं की त्याला खिळा लागतो. अप्पांनी ते फ्रिजला टेकवून ठेवलं. फ्रिज उघडला की वेळ पडायची.

त्याच संध्याकाळी अक्काने मला जवळ बोलावलं. तिच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते.

"अत्तैंचा फोन होता. मी 'हॅलो' म्हटलं त्यावरूनच त्यांना कळलं, खोली गरम आहे. रविवारी येताहेत. गाडी घेऊन."

मी तिच्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन वारा घालायला लागले.

"कयल, मला नाही जायचं. त्या माझं सगळं नीट करतील, मला माहितीये. पण तिथे मला ओरडता येणार नाही. कळा आल्या की मला कोणावर तरी ओरडायचंय, आणि अत्तैंवर कसं ओरडणार? मला अम्मावर ओरडायचंय."

मी तिचे पाय मांडीवर घेतले. बोट टेकवलं की खळगा पडत होता आणि भरायला वेळ लागत होता. माझ्या थर्मामीटरच्या आकड्यांवर विश्वासून सगळे स्वस्थ बसले होते, आणि त्याचं हे फळ.

रविवारी अत्तै आल्या. ड्रायव्हर, थर्मास, अक्काच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग. बॅग पाहून अम्माचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "या, बसा, आधी काहीतरी खा," आणि मागे जाऊन वाळत आलेले वडाम गोळा करून आणले, तळले. अत्तै अक्काजवळ बसल्या. खोली गार होती. अर्थात, पाहुणा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण एखाद्या मुलाने परीक्षकासमोर मुद्दाम शहाण्यासारखं वागावं तसा मला त्या यंत्राचा राग आला.

अत्तैंनी शाल पांघरली, वडाम खाल्ला, मग दुसरा, मग बशी जवळ ओढली.

"इतके पांढरे आमच्याकडे होत नाहीत, विहीणबाई. कुठे वाळवता?"

अम्मा नुसती हसली.

"संध्याकाळी निघताना मला डबाभर द्या. पोन्नीचं मग ठरवू. खोली तर ठीक दिसतेय."

अम्माच्या डोळ्यांत आशा आली. मग ती म्हणाली, "एक घाणा थोडा ओला आहे. दुपारपर्यंत वाळेल." आणि मागे गेली.

जेवणं झाली. अत्तै अक्काशेजारी आडव्या झाल्या. मी दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसले. एकही ओळ वाचली नाही. थोड्या वेळाने अत्तैंनी शाल काढली. मग मान पुसली. मग किणकिण सुरू झाली, हळू, अक्का आवाज होऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने बांगड्या धरून वारा घेत होती.

"एसी बंद केलात का?" अत्तैंनी विचारलं.

आज पाहुणा आत होता आणि तरी खोली गरम होती. माझा सिद्धांत कोसळला. आता तपासायला एकच जागा उरली होती, जिथे मला जायची बंदी होती. मी स्वयंपाकघर ओलांडून बाल्कनीचं दार ढकललं.

बाहेरच्या मशीनला अप्पांची जुनी वेष्टी, त्यांची पांढरी लुंगी, नेसवली होती. वर वडामांच्या रांगा. वेष्टीचे काठ दोन्ही बाजूंनी खाली सोडलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून मागे घट्ट खोचलेले. जिथून मशीन हवा ओढतं ती बाजू पूर्ण बंद. पुढे, जिथून गरम वारं बाहेर पडतं, तिथे वडामांनी भरलेली तीन सुपं तिरकी टेकवून ठेवलेली. आत मशीन गुदमरत होतं. अम्मा बाजूला पाटावर बसून एकेक वडाम उलटत होती.

"सावली पाडू नकोस," ती म्हणाली.

"अम्मा, हे कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून. उष्णता बाहेर फेकतो म्हणालीस ना? उन्हापेक्षा लवकर वाळतात. कोणी यायचं असलं की काढून घेते मी, वाईट दिसतं."

मी तिला हळू आवाजात समजावलं. हवा मिळाली नाही तर ते उष्णता टाकू शकत नाही, टाकली नाही तर आतली उचलू शकत नाही. आयुष्यात इतक्या थोड्या शब्दांत मी कधी शिकवलं नव्हतं.

अम्माचा हात थांबला. "म्हणजे मी... पोन्नीला? तिच्यासाठी वाळवताना?"

आणि ज्या बाईने आमची सावली पडू दिली नव्हती, तिने एका झटक्यात वेष्टी ओढली. वडाम फरशीवर पावसासारखे सांडले. सुपं लाथेनेच बाजूला झाली. मशीनने एक मोठा श्वास घेतला आणि फिरू लागलं. अम्मा तिथेच पाटावर बसली, पदर तोंडाला लावून.

मी वळले तर दारात अत्तै. त्यांच्या मागे अक्का. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

अत्तैंनी फरशीकडे पाहिलं, वेष्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हीच ना ती, फिजिक्सवाली?"

मी मान खाली घातली.

त्या पुढे आल्या, साडी सावरून खाली बसल्या, आणि एकेक वडाम उचलून, फुंकर मारून सुपात टाकू लागल्या. अम्मा घाईने म्हणाली, "राहू द्या, विहीणबाई, खाली पडलेत."

"पडलेले मी नेते. घरी कोणाला सांगू नका." आणखी दोन-चार उचलून त्या म्हणाल्या, "चार एसी आहेत माझ्याकडे. एकावरही काही वाळवायचं सुचलं नाही मला. पण वेळ ठरवा. सकाळी पोन्नी बाहेर बसते तेव्हा वडाम, जेवणानंतर पोन्नी. दोन्ही एकदम नाही."

"आणि अक्का?" मी विचारलं.

"ती कुठे जातेय? डबा न्यायचा तर बॅगेत जागा लागेल."

अक्का हसली, आणि हसताना तिच्या बांगड्या वाजल्या. तो आवाज ऐकून मी खोलीकडे धावले नाही, असं त्या उन्हाळ्यात प्रथमच झालं.

बाळ झालं. मुलगी. अक्का अम्मावर इतकी ओरडली की हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर मामींना ऐकू गेलं, आणि मामींनी ते त्यांच्या गोष्टींत घातलं. बाळ-बाळंतीण घरी आली, तेव्हा मी खोली आधीच गार करून ठेवली होती. वेष्टी नाही, सूप नाही, फिल्टर दोनदा धुतलेला. अम्मा आत आली, तिने वर पाहिलं, रिमोट उचलला, एसी बंद केला, आणि रिमोट कपाटावर फेकला.

"बाळंतिणीला गार वारा बाधतो."

मी वरच्या कोर्टात गेले. अत्तैंना फोन लावला.

"अगदी बरोबर," अत्तै म्हणाल्या. "कानाला रुमाल बांधलाय ना?"

बांधला होता. अक्का त्या बंद खोलीत, कानाला रुमाल बांधून, घामाने निथळत बसली होती आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की तिने आता ओरडायला दुसरं माणूस शोधलंय.

अप्पांना मात्र मोकळं वाटलं. खिळ्यावरची बंदी उठली होती. त्यांनी हातोडी काढली, फ्रिजजवळचं घड्याळ उचललं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि हात वर नेला. तेवढ्यात अम्मा खोलीच्या दारात आली, ओठांवर बोट ठेवून. मागे पाळणा हळूहळू थांबत होता.

अप्पांचा फोन थरथरला. दुकानातल्या मुलीचा होता. हातोडी तशीच वर धरून त्यांनी तो कानाला लावला, ऐकून घेतलं, आणि अगदी कुजबुजत म्हणाले, "पाठवा की. पण आधी ती उठू दे."